देवळातली फिरंगी घंटा कशी वाचावी

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात एक फिरंगी घंटा टांगलेली आहे. गाव म्हणतो, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आली. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. उभा जन्म ती वाजवली, पण तिच्यावरची अक्षरं निवृत्त झाल्यावरच पाहिली. तुमच्या देवळात अशी घंटा असेल तर ती अशी वाचा.

आधी गुरवाला विचारा. शिमग्याच्या धामधुमीत जाऊ नका. पावसाळाही नको, छाप घ्यायचा कागद सर्द होतो. चिंच, राख, पितांबरी काही लावायचं नाही. घासून घासूनच निम्मी अक्षरं गेलीत. सुती फडक्यानं धूळ पुसा, बस्स.

मग बॅटरी बाजूनं, घंटेला जवळजवळ टेकवून मारा. तिरप्या उजेडात उठावाच्या अक्षरांची सावली पडते. पण नुसत्या फोटोवर भागवू नका. मी भागवलं, तर सालातला ६ मला ८ दिसला आणि घंटा दोनशे वर्षांनी तरुण झाली! पोर्तुगिजांची वसई १५३४ ते १७३९, मग गावाची गोष्ट खोटीच, असं मी पारावर सांगूनही आलो. दुसऱ्या खेपेला पतंगाचा कागद सुतळीनं घंटेभोवती ताणून बांधला, काळा मेणखडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवला. स्वच्छ ६ उठला. पुन्हा पारावर जावं लागलं.

वाचायला क्रूसापासून लागा, ओळ बहुधा तिथूनच सुरू होते. लॅटिनमध्ये यूच्या जागी व्ही असतो. ‘सांक्ता मारिया, ओरा प्रो नोबिस’ म्हणजे ‘पवित्र मरिये, आमच्यासाठी प्रार्थना कर’. ‘आयएचएस’ दिसलं तर ती येशूच्या ग्रीक नावातली अक्षरं. क्रूस नसून बोटीचं नाव असेल, तर घंटा जहाजावरची समजा.

साल मिळालं की उडी मारू नका. ते ओतल्याचं साल, गावात आल्याचं नव्हे. वाईजवळच्या मेणवलीत वसईहून आणलेली घंटा आहे; तिच्यावर १७०७ आहे, वसई पडली १७३९ला. शिवाय दर घंटा वसईचीच कशावरून? चौल-रेवदंडाही १७४०मध्ये मराठ्यांकडे आला.

माझी भाची इंग्लंडात असते. तिकडच्या जुन्या पॅरिश चर्चचा इतिहास काढणं सोपं, असं ती म्हणते. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्या ठेवायचा हुकूम १५३८चा, आणि चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्याच्या, हिशेबात घंटेच्या दोराचा खर्चसुद्धा सापडतो. आपण देवस्थानची कीर्द, मानकऱ्यांच्या घरचे मोडी कागद धुंडाळावेत. पुण्याचं पेशवे दफ्तर आहेच.

वहीत दोन रकाने आखा: घंटा काय सांगते, गाव काय सांगतो. एकातलं दुसऱ्यात मिसळू देऊ नका. आमच्या पहिल्या रकान्यात जेमतेम दोन ओळी आहेत, दुसरा पानभर.

छापाची एक प्रत गुरवानं देवळात लावायला मागितली. चौकटीत बसेना म्हणून मी कात्री काढली, तर म्हणाला, “मास्तर, तो क्रूस तेवढा कापू नका हां.”