साकव, फळ्यांची वाट आणि झुलता पूल: या चुका टाळा

पहिला जोराचा पाऊस झाला की कराड, सातारा, इस्लामपूरकडच्या गाड्या ठोसेघर, कोयनानगर, शिराळ्याच्या दिशेने वळतात. धबधब्याची माहिती सगळे काढून येतात. तिथवर नेणाऱ्या साकवाची किंवा फळ्यांच्या वाटेची चौकशी मात्र कुणी करत नाही. मग भीती वाटते तीही भलत्याच गोष्टीची. पूल जरा हलला की किंचाळायचं, आणि तो ज्याला बांधलाय तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. झुलता पूल हलणारच, त्याचा जन्मच तसा. हलू नये ते त्याच्या दोन टोकांना असतं.

तिन्ही प्रकार आधी वेगळे करून घ्या, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं. साकव म्हणजे ओढ्यावर दोन तुळया किंवा लोखंडी गर्डर टाकून वर फळ्या, पत्रा नाहीतर स्लॅब. तो बहुधा काठाकडून जातो, भरावाखालची माती पाण्याने नेली की. दरीच्या कडेची किंवा जंगलातली फळ्यांची वाट फळीच्या टोकाला कुजते. झुलता पूल वायररोपवर, म्हणजे तारा पिळून केलेल्या जाड दोरावर लोंबतो, आणि त्याचा घात हा रोप, तो आवळणारे क्लॅम्प किंवा गर्दी यातल्या एकाने होतो.

रंग बघून भरवसा ठेवणं

ताजा पिवळा-काळा रंग म्हणजे दुरुस्ती झाली, असा समज असतो. रंग मारायला एक दिवस पुरतो. रोप बदलायला पूल उतरवावा लागतो. गुजरातेतल्या मोरबीचा झुलता पूल नूतनीकरणानंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला आणि ३० ऑक्टोबरला पडला. १३५ माणसं गेली. चालायच्या लाकडी फळ्या काढून तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते, मुख्य रोप जुनेच राहिले. त्या रोपात सात पदर आणि दर पदरात सात तारा, अशा एकूण ४९. चौकशी पथकाच्या म्हणण्यानुसार त्यातल्या २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या बहुधा आधीच तुटलेल्या असाव्यात.

म्हणून पुलावर पाय ठेवायच्या आधी दोन मिनिटं टोकाशी थांबा. रोप खांबावरून मागे जाऊन काँक्रीटच्या ठोकळ्यात किंवा कातळात अडकवलेला असतो. ठोकळ्याभोवती माती फाटली आहे का, ठोकळा आणि जमीन यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट आहे का, ते बघा. मग रोपाकडे. वरून लालसर गंज दिसला म्हणून लगेच माघारी फिरायचं कारण नाही, पण पदरांच्या खाचांतून गंजाची भुकटी झडत असेल किंवा तुटलेल्या तारा कुसळासारख्या बाहेर आल्या असतील तर तो पूल ओलांडू नका. रोपावरून उघडा हात फिरवून तपासणी करू नका, कुसळ तळव्यात खोल जातं.

आता क्लॅम्प. रोप कडीतून वळवून परत स्वतःलाच आवळलेला असतो. त्या क्लॅम्पला दोन भाग असतात: इंग्रजी यू आकाराचा बोल्ट आणि खाचा असलेली जाड बैठक. बैठक बसायला हवी ताण घेणाऱ्या लांब रोपावर, आणि यू-बोल्ट वळवलेल्या आखूड शेपटीवर. उलट बसवलं तर यू-बोल्ट नेमका ताणाखालचाच रोप चेचतो. एका टोकाला किमान तीन क्लॅम्प हवेत, जाड रोपाला त्याहून जास्त. दोन क्लॅम्पमधलं अंतर रोपाच्या जाडीच्या साधारण सहापट, म्हणजे १६ मिलिमीटरच्या रोपाला सुमारे १० सेंटिमीटर. एकच क्लॅम्प दिसला, किंवा क्लॅम्पऐवजी बांधायच्या तारेचे वेढे दिसले, तर फोटो काढा आणि अलीकडच्याच काठावर जेवणाचा डबा उघडा.

सगळ्यांनी मिळून मधोमध फोटो

याहून मोठी चूक नाही. गावाकडचा जुना पूल एकामागे एक चालणाऱ्या माणसांसाठी बांधलेला असतो: डोक्यावर वैरणीचा भारा, हातात किटली, मागे शाळेची दोन पोरं. वीस जणांचा घोळका मध्यभागी उभा राहिला की ६५ किलोच्या हिशेबाने १,३०० किलो एकाच जागी येतात. त्यात सगळे धबधब्याच्या बाजूच्या कठड्याला रेलले की बराचसा भार एकाच बाजूच्या रोपावर आणि लोंबत्या सळ्यांवर जातो आणि चालायची पट्टी तिरकी होते. ओल्या फळीवर तेवढा तिरकेपणा घसरायला पुरतो.

फलकावर माणसांची संख्या लिहिली असेल तर ती पाळा. फलक नसेल तर ढोबळ हिशेब असा: दोन माणसांत पाच मीटर. तीस मीटरच्या पुलावर सहा जण, बाकीचे काठावर. फोटो हवाच असेल तर काठावरून काढा. पुलावरच्या माणसाचा फोटो पुलावर उभं राहून चांगला येतही नाही.

मोटारसायकल पायी पुलावर घालणं ही त्याचीच थोरली बहीण. पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल धोकादायक म्हणून ठरलेला होता. १५ जून २०२५ च्या रविवारी त्यावर गर्दी झाली, दुचाक्याही आल्या आणि तो कोसळला. चार जण दगावले. तिकडे फलक होता. फलक वाचायला कुणी थांबत नाही, एवढंच.

लयीत चालणं

माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सेकंदाला एकदा झोक देतो. पुलाची डुलण्याची लय त्याच्या आसपास असली की पूल बाजूला डुलतो, तोल सांभाळायला लोक नकळत त्याच्याच तालात पावलं टाकतात आणि डुलणं आणखी वाढतं. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडल्यावर दोन दिवसांत याच कारणाने बंद करावा लागला, आणि डुलणं शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये परत उघडला. एवढ्या मोठ्या पुलाची ही गत, तर ओढ्यावरच्या पुलावर लेझीमचा ताल धरणाऱ्या पोरांना काय म्हणायचं!

डुलायला लागला तर पळू नका. थांबा, गुडघे किंचित वाकवा, एक हात कठड्याच्या रोपावर ठेवा आणि अर्धा मिनिट जाऊ द्या. मग आखूड, मुद्दाम बेताल पावलं टाका. नजर पलीकडच्या टोकावर ठेवा. फळ्यांच्या फटीतून खालचं पळतं पाणी पाहिलं की आपणच वाहत चालल्यासारखं वाटतं. लहान मुलाचं मनगट धरा, बोटं नाही. ओली बोटं निसटतात.

बरोबरचं कुणी मध्येच गोठून उभं राहिलं तर मागून ढकलू नका, समोरून हाका मारू नका. एकानेच पुढे जाऊन पाठ करून उभं राहायचं, त्याला आपल्या खांद्यावर हात ठेवायला सांगायचं आणि हळू चालायचं. बाकीच्यांनी आधी पूल मोकळा करायचा.

फळीच्या मधोमध पाय टाकणं

फळ्यांवर खिळ्यांची किंवा बोल्टची ओळ दिसते. तिच्या बरोबर खाली तुळई असते, म्हणून पाऊल त्या ओळीवर टाका. दोन ओळींच्या मधली फळी नुसती अधांतरी असते. कूज धरते ती फळीच्या टोकांना आणि खिळ्याच्या भोकाभोवती, कारण पाणी तिथूनच शिरतं. संशय आला तर किल्लीचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडावर नुसता ओरखडा उठतो, कुजक्यात किल्ली आत रुतते.

ऋतूचा फरकही लोक उलटा समजतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फटी मिटतात, वाट घट्ट आणि शाबूत दिसते. पण फटी मिटल्याने पाणी निचरत नाही, वर शेवाळ धरतं. हिरवं दिसतं ते टाळलं जातं. घसरवतं ते काळपट, बुळबुळीत, जे नुसतं ओल्या लाकडासारखं दिसतं. दिवाळीनंतर लाकूड सुकून आकसतं, खिळे सैल होतात आणि फळी पायाखाली खडखडते. म्हणजे जुलैत पाय सरकतो, फेब्रुवारीत फळी उचकटते.

चपला-सँडल नकोत. खोल खाचांचा मऊ रबरी तळ असलेले बूट घाला, आणि चिखलातून आल्यावर काठावरच्या दगडावर तळ घासूनच फळीवर चढा. खाचांत चिखल भरलेला महागडा बूट आणि गुळगुळीत टायरची चप्पल यांत मग काही फरक राहत नाही. घसरू नये म्हणून फळ्यांवर जाळी ठोकलेली असली तर तिची सुटलेली कड बघून चाला, बोटं तिच्यातच अडकतात.

पाय फळीत गेला तर झटका मारून ओढू नका, तुटलेल्या फळीची टोकं आतल्या दिशेने वाकलेली असतात. खिळ्यांच्या ओळीवर बसा, वजन हातांवर आणि बुडावर घ्या, बुटाची नाडी सैल करा, पाऊल खाली ताणून गेलं त्याच वाटेने सरळ वर काढा. मदतीला एकच जण जवळ येऊ द्या. गंजक्या खिळ्याने खरचटलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं घरी गेल्यावर बघू म्हणू नका, वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उतरा.

पाण्याकडे न बघणं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं, याकडे सगळ्या शहराचं लक्ष असतं: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ओढ्यावरच्या साकवाला असली पट्टी रंगवलेली नसते. ती तुम्ही करायची. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा. दगड अर्धा बुडाला, पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला किंवा आवाज जड झाला, यातलं एक जरी दिसलं तरी उरलेला धबधबा राहू द्या आणि लगेच परत फिरा. वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकतं.

कोयना धरणाखाली हिशेब आणखी वेगळा. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडतात तेव्हा नदी माणसात असते. वक्र दरवाजे उघडले की तीच नदी ओळखू येत नाही. भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका. वारणेच्या खोऱ्यात, चांदोली धरणाच्या खालीही हीच सावधगिरी. पाणी साकवाच्या तळाला लागलं असेल तर पलीकडे अडकून रात्र काढा, पण ओलांडू नका. आणि पाणी ओसरल्यावरही पहिलं पाऊल जपून टाका: स्लॅब जागेवर दिसतो, त्यामागचा भराव आतून पोकळ झालेला असतो. काठीने ठोकून बघा.

चौकशी करताना

हॉटेलवाल्याला विचारू नका, तो या म्हणणारच. रोज दूध घालायला जाणाऱ्याला विचारा: "दादा, काल-परवा पुलावरून कोण गेलंय का?" "पूल आहे का?" असं विचारलं तर "आहे की" एवढंच उत्तर मिळतं. गुरं पुलाऐवजी पाण्यातून नेताना दिसली म्हणून पूल मोडकळीला आला असं समजू नका. फटी दिसणाऱ्या फळ्यांवर गुरं पाय टाकायला धजत नाहीत. भारा घेऊन समोरून कुणी येत असेल तर तुम्ही काठावर थांबा. त्यांच्या रोजच्या वाटेवर आपण पाहुणे.

निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का ते बघा, पावसाळ्यात धबधब्यांसाठी तो अधूनमधून निघतो. नवजा, बामणोलीकडे मोबाईलची रेंज जाते, म्हणून ११२ च्या भरवशावर न राहता परतायची वेळ घरी सांगून ठेवा. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात असू द्या, पण जळू काढायला पुलावर वाकू नका.

मोडकी फळी किंवा सुटलेला क्लॅम्प दिसला तर ग्रामपंचायतीला, आणि जंगलातली वाट असेल तर वनविभागाच्या नाक्यावर सांगा. "पूल खराब आहे" असं मोघम नको. "गावाकडच्या काठापासून अकरावी फळी, उजवं टोक, दोन खिळे नाहीत" असं सांगितलं तर सुतार तेवढं सामान घेऊनच येतो.