पेरणीआधी ट्रॅक्टरची गळती काढा: आधी आटे बघा, मग सीलंट निवडा

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं आणि मृग 7-8 जूनला. या पंधरा दिवसांत एकदा ट्रॅक्टरखाली जुना पुठ्ठा अंथरून रात्रभर राहू द्या. सकाळी डाग दिसला तर ती गळती आत्ताच काढायची. पाऊस पडून वाफसा आला की तो दोन-चार दिवसच हाताशी असतो, आणि त्या दिवसांत गावात मेकॅनिक मोकळा सापडत नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे किरकोळ वाटतं. पण वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर दहा तासांच्या कामात 1.8 लिटर तेल गेलेलं असतं.

गळती दिसली की आपला हात पहिल्यांदा टेफलॉन टेपकडे जातो. पाण्याच्या मोटारीवर टेप चालते, मग इथेही चालेल असं वाटतं. ट्रॅक्टरवर मात्र बहुतेक जोडांना टेपही लागत नाही आणि सीलंटही. तो जोड तेल नेमकं कुठे अडवतो, हे आधी ओळखावं लागतं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. निप्पल, म्हणजे जोडाचं आटे असलेलं टोक, साफ पुसून पाना न लावता नुसत्या हातानं फिरवा. तीन-चार फेऱ्यांत घट्ट होऊन थांबलं तर आटे टॅपर आहेत, म्हणजे टोकाकडे निमुळते. इथे तेल आट्यांमध्येच अडतं, त्यामुळे सीलंट इथे हवंच. हातानं सहज बुडापर्यंत गेलं तर आटे सरळ आहेत. तिथे तेल वायसर किंवा ओ-रिंग अडवते, आटे फक्त आवळून धरतात. सरळ आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी चेपलेला वायसर गळणारच. तिसरा प्रकार कोनाच्या बैठकीचा. नोझलला जाणारे डिझेलचे लोखंडी पाइप, ब्रेकचे पाइप आणि काही होजची टोकं धातूवर धातू बसून बंद होतात. त्यांना काहीही लावू नका. गळत असेल तर बैठकीवर ओरखडा किंवा कचरा आहे, नाहीतर पाइप तिरका बसलाय.

डिझेलच्या बाबतीत थोडं सविस्तर सांगतो, कारण यात मी स्वतः एक पेरणी गमावता गमावता राहिलो. ट्रॅक्टर चालू व्हायचा, दहा मिनिटं चालायचा आणि धडधडत बंद पडायचा. डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढली की पुन्हा तेच. बाहेर डिझेलचा एक थेंबही नव्हता. दोन दिवस फिल्टर बदलण्यात गेले. शेवटी टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो) खोलला, तर तांब्याच्या वायसरवर जुन्या दाबाची गोल चरी पडलेली, आणि बोल्टवर कुणीतरी गुंडाळलेल्या टेपचे धागे लोंबत होते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो, तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बॅन्जोला दोन्ही बाजूंना एकेक वायसर लागतो आणि तो चहाच्या किमतीत मिळतो. नवा नसेल तर जुना लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं, मग काळी पापडी बारीक पॉलिश पेपरनं काढून पुन्हा बसवता येतं. चरी खोल असेल तर मात्र फेकून द्या. टेपचा धागा पुढे इंजेक्शन पंपात किंवा नोझलमध्ये अडकला, तर तो खर्च कुठल्याही वायसरच्या शेकडो पट असतो.

लिफ्टच्या आणि पलटी नांगराच्या तेलात दाब साधारण 150 ते 200 बार जातो. इथल्या टॅपर आट्यांसाठी धातूच्या आट्यांमध्ये हवाबंद झाल्यावर घट्ट होणारं द्रव थ्रेड सीलंट घ्या. लॉकटाइट या ब्रँडमध्ये 545 हे जांभळं सीलंट हायड्रॉलिकच्या बारीक आट्यांसाठी असतं, 577 हे पिवळं जाड आट्यांसाठी. निळं 243 किंवा लाल 271 मागू नका. ती नटबोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायची औषधं आहेत, आणि लाल लावलेला बोल्ट पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही.

लावताना घाई नको. जुनी टेप आणि जुनं सीलंट तारेच्या ब्रशनं काढा. आटे थिनरनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा. डिझेलनं पुसलं तर तेलकट थर राहतो आणि सीलंट धरत नाही. टोकाचा पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या तीन-चार आट्यांवर सगळीकडून लावा आणि एकाच दमात आवळा. दिशा जमवायला उलटं फिरवलं तर सगळं पुन्हा साफ करून लावावं लागतं. पूर्ण घट्ट व्हायला 24 तास धरा, म्हणून काम आदल्या दिवशी करा. नवी बाटली अर्धी रिकामी दिसली तर फसवलं असं समजू नका, आतल्या हवेमुळेच ते द्रव राहतं.

प्लॅस्टिकवर हे सीलंट चालत नाही. ठिबकचे फिटिंग, फवारणी यंत्राच्या प्लॅस्टिक टाकीचे नळ, इथे टेफलॉन टेपच योग्य. आट्यांच्या दिशेनं तीन वेढे, टोकाचा एक आटा मोकळा, आणि आवळताना हात हलका. टेप गुळगुळीत असल्यानं आपण नकळत जास्त आवळतो आणि प्लॅस्टिक तडकतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगलाही हाच धोका आहे.

रेडिएटरच्या पाण्याचा आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर वेगळा सांभाळा. एका वायरचा सेन्सर इंजिनाशी अर्थ आट्यांमधूनच घेतो. जाड टेप गुंडाळली तर मीटर चुकीचं दाखवू शकतं आणि इंजिन तापलेलं कळत नाही. तिथे द्रव सीलंट, तेही थोडंच.

आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून येणारं आणि सुकून रबरासारखं होणारं सीलंट, आट्यांवर नको. डिझेलमध्ये ते फुगतं आणि तुकडे सुटतात. सफेदा आणि सूत पाण्याच्या पाइपापुरतं ठेवा. एम-सील वरून थापणं म्हणजे शेतातून घरी येईपर्यंतची सोय.

जोड खोलण्याआधी लिफ्ट खाली टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन-तीनदा हलवून उरलेला दाब सोडा. चालू मशिनवर गळती कधीही बोटानं चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून आलेलं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधायला लांबून पुठ्ठा धरा, तेल त्यावर उमटतं.

दुसऱ्या दिवशी जोड कोरडा पुसा, नांगर जोडून पंधरा-वीस वेळा उचलून टेकवा, आणि रात्री तोच पुठ्ठा उलटा करून पुन्हा खाली सरकवा.