शाळेचा लॅपटॉप आणि आईचा हॉटस्पॉट

शाळेने मुलीला लॅपटॉप दिला, पण घरी वाय-फाय नाही. मग संध्याकाळी आई कामावरून आली की तिच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू होतो आणि अर्ध्या तासात 'आजचा डेटा संपला' असा मेसेज येतो. कृपा करून मुलीला रागावू नका. बरेचदा ते १.५ जीबी तिने नाही, विंडोजच्या अपडेटने खाल्लेले असतात. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वाय-फायच वाटतं, म्हणून तो गुपचूप डाउनलोड करत राहतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. हॉटस्पॉट जोडलेला असताना सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे 'इथे डेटा मोजका आहे' ही लॅपटॉपला सूचना) चालू करा. बहुतेक अपडेट तिथेच थांबतात, वनड्राइव्हचं सिंक, म्हणजे फाइल्स आपोआप इंटरनेटवर साठवणं, तेही थांबतं. मात्र अपडेट कायमचे टाळू नका, सुरक्षेसाठी ते लागतातच. शाळेच्या वाय-फायवर, चार्जर लावून, होऊ द्या. सेटिंग बदलताच येत नसेल तर शाळेने ती बंद करून ठेवली असेल. संगणकाच्या सरांना किंवा बाईंना सांगा, मदत मागायला संकोच नको.

गूगल डॉक्समध्ये लिहायचं असेल तर ऑफलाइन पर्याय शाळेतच चालू करून घ्या, म्हणजे घरी नेट नसतानाही लिहिता येईल.

आणि रेंज फक्त खिडकीत येत असेल तर फोन खिडकीतच ठेवा, मुलीच्या वहीशेजारी नको. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड (लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झ केला की भिंतीपलीकडच्या खोलीतही तो बरा पोचतो.