सोनेरी आयशॅडो घासू नका, दाबून बसवा

डबीत लखलखणारी सोनेरी आयशॅडो पापणीवर लावली की मळकट पिवळी दिसते, ही तक्रार नेहमीची आहे. पॅलेट बदलून ती सहसा सुटत नाही, कारण गडबड लावण्याच्या पद्धतीत असते. मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या शेडला रंग साध्या रंगद्रव्यातून येतो. सोनेरी शेडमध्ये अभ्रकाचे पातळ, चपटे कण असतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. हे कण पापणीवर आडवे, एकमेकांना लागून बसले की आरशाच्या तुकड्यांसारखा प्रकाश परत फेकतात. ब्रश इकडून तिकडे फिरवला की ते वेडेवाकडे होतात, निम्मे गालावर सांडतात आणि मधूनमधून त्वचा डोकावते. म्हणून मॅट रंग विरवायचा आणि सोनेरी दाबून बसवायचा. एवढं हाताला लागलं की पुढचे सगळे लुक सोपे आहेत.

कोणतं सोनेरी?

सोनेरी म्हणजे एकच रंग नाही. शॅम्पेन फिकट आणि किंचित चंदेरी, यलो गोल्ड पिवळंधमक, अँटिक गोल्डला हिरवट तपकिरी झाक, रोझ गोल्डला गुलाबी आणि ब्राँझ जवळजवळ तपकिरी. सावळ्या आणि गडद त्वचेवर शॅम्पेन कधीकधी राखाडी पडतं, कारण त्यातला पांढुरका भाग वर येतो. तिथे यलो गोल्ड, अँटिक किंवा ब्राँझ जास्त खुलतं. खूप गोऱ्या त्वचेवर मात्र ब्राँझ सोनेरी न दिसता नुसतं तपकिरी दिसतं. रोझ गोल्ड आणि तांबूस शेड सुंदर असतात, पण त्या थेट पापण्यांच्या केसांना टेकल्या की डोळे रडल्यासारखे किंवा जागरणाचे वाटतात. केसांच्या मुळाशी गडद तपकिरी पेन्सिलची बारीक रेघ मध्ये आली की हा दोष जातो.

शेड मनगटावर लावून पाहण्यात फारसा अर्थ नाही. पापणीची त्वचा पातळ असते, बऱ्याचदा हातापेक्षा गडद किंवा जांभळट असते आणि तिच्यावर तेलही लवकर येतं. पापणीवर लावून खिडकीजवळ पाहा.

पोत जास्त महत्त्वाचा. कण जितके बारीक तितकी चमक मऊ आणि रंग भरीव. तिला सॅटिन म्हणतात. कण मोठे झाले की लखलखाट वाढतो, पण त्वचा झाकली जात नाही. मेटॅलिक आणि फॉइल शेड या दोन्हींच्या मधल्या आणि सगळ्यात कामाच्या. लूज पिगमेंट, म्हणजे डबीत न दाबलेली सुटी पावडर, सर्वांत चमकतं आणि सर्वांत सांडतं. ग्लिटर ही वेगळीच चीज आहे. ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचे कापलेले तुकडे असतात, म्हणून डोळ्यांसाठी बनवलेलं ग्लिटरच वापरा. हस्तकलेच्या ग्लिटरच्या कडा धारदार असतात आणि त्यांनी बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. नवशिक्यांनी मेटॅलिकपासून सुरुवात करावी, ग्लिटरकडे नंतर वळावं.

पापणीची तयारी

डोळ्यांचा मेकअप फाउंडेशनच्या आधी करा. सोनेरी कण खाली पडणारच; ते स्वच्छ गालावर पडले तर पुसता येतात, फाउंडेशनवर पडले तर तिथेच रुततात. आय क्रीम लावत असाल तर ते मुरायला दहा मिनिटं द्या आणि उरलेला ओशटपणा टिश्यूने टिपून घ्या.

रंग टिकावा म्हणून आधी प्रायमर लावतात; एका पापणीला तो टाचणीच्या डोक्याएवढा पुरतो. अनामिकेने थापटत केसांच्या मुळापासून भुवईच्या खालपर्यंत पसरवा आणि एक मिनिट थांबा. दुप्पट प्रायमर लावला तर आयशॅडो दुप्पट टिकत नाही. उलट जास्तीचा थर घडीत, म्हणजे डोळा उघडल्यावर पापणी दुमडते त्या रेषेत, सरकतो आणि रंगही सोबत ओढून नेतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. प्रायमरवर ट्रान्सल्यूसंट, म्हणजे रंग न दिसणारी पावडर सरसकट फिरवू नका. घडी आणि तिच्या वरच्या भागावर पावडरचा हलका हात द्या, पण डोळा मिटल्यावर दिसणारी पापणी तशीच किंचित चिकट राहू द्या. वर मॅट रंग येणार आहे, त्याला विरायला कोरडी जागा हवी. खाली सोनेरी येणार आहे, त्याला धरून ठेवायला चिकटपणा हवा. सगळीकडे पावडर लावली की सोनेरी कण टिकत नाहीत आणि दोष पॅलेटवर जातो.

खाली कोणता रंग आहे यावरही सोनेरी ठरतं. एकच शेड त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरवर (डाग झाकणाऱ्या क्रीमवर) डबीतल्यासारखी दिसते, पांढरट बेसवर उजळ पण फिकट, तपकिरी क्रीमवर ब्राँझकडे झुकलेली आणि काळ्या पेन्सिलवर जुन्या पितळेसारखी गडद. एका पॅलेटमधून चार सोनेरी छटा अशा निघतात.

मूळ लुक: एक तपकिरी, एक सोनेरी

ब्रश तीन लागतात. घडीसाठी मऊ, पिसासारखा फुललेला. सोनेरीसाठी चपटा, घट्ट, कृत्रिम केसांचा, साधारण करंगळीच्या नखाएवढा रुंद. आणि कोपऱ्यांसाठी पेन्सिलसारखा टोकदार.

त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद मॅट तपकिरी घ्या. फुललेला ब्रश पावडरला नुसता टेकवा आणि डबीच्या कडेवर आपटून जास्तीची झटका. डोळे उघडे ठेवून आरशात सरळ पाहा. बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून घडीच्या किंचित वर, गाडीच्या वायपरसारखा ब्रश पुढेमागे न्या. ब्रश शेवटच्या टोकाला धरला की दाब आपोआप कमी होतो. आतल्या बाजूला जाताना रंग विरत गेला पाहिजे. तपकिरीची वरची कडा कुठे संपते हे दाखवता येत नसेल तर झालं. हे काम पूर्ण संपवूनच सोनेरीकडे वळा, कारण सोनेरीवरून तपकिरी विरवायला गेलात की दोन्ही मिसळून चिखल होतो.

सोनेरीसाठी चपटा ब्रश मेटॅलिक शेडवर दाबून एका बाजूला भरून घ्या. मग ब्रशवर, पावडरवर नाही, सेटिंग स्प्रेचा (मेकअप टिकवणाऱ्या द्रवाचा) एकच फवारा मारा. पावडर आता ओल्या लेपासारखी दिसेल. डोळा अर्धवट मिटून तो बुबुळाच्या बरोबर वर, पापणीच्या मध्यावर टेकवा, क्षणभर दाबा आणि सरळ उचला. ओढू नका. शिक्का मारतो तसं. पहिला शिक्का सगळ्यात भरीव उमटतो, म्हणून तो मध्यावरच हवा. प्रकाश तिथेच पडतो. दुसरा त्याला लागून आतल्या बाजूला, तिसरा बाहेरच्या. मध्ये फट दिसली तर ब्रश पुन्हा न भरता तिथे आणखी एकदा दाबा. पाच-सहा शिक्क्यांत पापणी भरते. वाळेपर्यंत अर्धा मिनिट पापणी पूर्ण वर उचलू नका, नाहीतर ओला लेप घडीत छापला जातो.

ब्रश नसेल तर अनामिका उत्तम. बोटाची ऊब आणि थोडंसं तेल कण एकमेकांना धरून ठेवतं. कडा मात्र बोटाने नेमक्या येत नाहीत.

सोनेरी आणि तपकिरी भेटतात तिथली रेघ मोडायला स्वच्छ कोरड्या ब्रशने तीन-चार वेळा थापटा. भुवईच्या खाली पुन्हा सोनेरी लावायचा मोह आवरा. तो भाग मॅट राहिला तरच पापणीवरची चमक उठून दिसते. सगळंच चमकायला लागलं की डोळ्याचा आकार हरवतो. शेवटी वरच्या केसांच्या मुळाशी गडद तपकिरी किंवा काळी पेन्सिल. केस कर्लरने वळवायचे तर मस्काऱ्याच्या आधी, मग मस्काऱ्याचे दोन हात. केसांवर बसलेले सोनेरी कण मस्काऱ्याखाली झाकले जातात; मस्कारा आधी लावला तर ते त्याच्यावर धुळीसारखे बसतात.

याच पायावर पुढचे लुक

हेलो म्हणजे मध्यावर चमक आणि दोन्ही बाजूंना गडद. त्यासाठी पापणीचे मनातल्या मनात तीन भाग करा. आतला आणि बाहेरचा भाग गडद मॅट, मधला सोनेरी. डोळा गोल आणि मोठा दिसतो. दोन डोळ्यांमध्ये अंतर कमी असेल तर आतला कोपरा गडद करू नका, डोळे आणखी जवळ आल्यासारखे वाटतात. अशा डोळ्यांना आतून सोनेरी आणि बाहेर जाताना गडद, हा साधा उतार शोभतो.

सोनेरी स्मोकीसाठी, म्हणजे धुरासारख्या पुसट गडद कडांच्या लुकसाठी, पापणीभर काळी किंवा गडद तपकिरी पेन्सिल फिरवा आणि लगेच कडा पुसट करा. टिकाऊ पेन्सिल अर्ध्या मिनिटात सुकते, मग ती हलत नाही. म्हणून एका वेळी एकच डोळा घ्या. वर सोनेरी कोरडंच दाबा, कारण चिकटपणा पेन्सिलमध्येच आहे. कडांना काळं थोडं उघडं राहू द्या, धग तिथूनच येते.

कट क्रीज म्हणजे घडीची रेषा ठळक कापून दाखवणारा लुक. त्याला हात स्थिर लागतो. तपकिरी विरवून झाली की चपट्या ब्रशच्या कडेवर अगदी थोडा कन्सीलर घ्या, पापणीच्या मध्यावर केसांजवळ टेकवा आणि डोळा उघडून वर पाहा. घडी जिथे पडते तिथे कन्सीलर स्वतःच छापला जातो. ती खूण धरून तिच्या खालचा पापणीचा भाग कन्सीलरने भरा आणि ओलं असतानाच सोनेरी दाबा. बाहेरच्या एक तृतीयांशात कन्सीलर न नेता तिथे तपकिरीत विरवला तर दिसायला जास्त सहज आणि करायला निम्मं सोपं.

घाईत असाल तर सोनेरी क्रीम आयशॅडोची स्टिक. मध्यावर दोन रेघा, बोटाने थापटून पसरवा, मस्कारा, संपलं. नुसत्या आतल्या कोपऱ्यात टोकदार ब्रशने सोनेरी ठिपका दिला तरी डोळा उजळतो. खालच्या पापणीवर टोकापासून टोकापर्यंत सोनेरी मात्र फार कमी जणींना शोभतं. डोळ्यात पाणी आल्याचा भास होतो. हवंच असेल तर आतल्या पाव भागापुरतं.

झुकत्या पापण्यांना वेगळा हिशेब लागतो. डोळा मिटून लावलेलं सोनेरी डोळा उघडला की घडीत गडप होतं. तपकिरी घडीच्या वर, उघड्या डोळ्याला दिसेल तिथे न्या आणि सोनेरीही मध्यावर तेवढंच वर चढवा. सुरकुत्या असतील तर मोठ्या कणांची शेड टाळा, ती प्रत्येक रेषेत बसून रेषा अधोरेखित करते. बारीक सॅटिन वापरलं तर तोच रंग छान दिसतो.

बिघडलं तर

ठिगळं दिसत असतील तर बेस सुकून गेला होता. वरून आणखी पावडर थापू नका. त्या जागी बोटाने कन्सीलरचा ठिपका थापटून त्यावर पुन्हा शिक्का मारा. तीन-चार तासांनी घडीत रेघ पडत असेल तर तेल किंवा जाड प्रायमर कारणीभूत. रेघ बोटाने दाबून सपाट करा आणि घडीपुरती पावडर द्या. गालावर पडलेले कण चोळलेत तर पसरतील. पिसासारख्या ब्रशने झटका, उरलेले हाताच्या पाठीवर दोन-तीनदा चिकटवून चिकटपणा मारलेल्या टेपने अलगद टिपा.

डबीतली शेड अचानक उठेनाशी झाली, वर गुळगुळीत, काचेसारखा थर दिसतो? ओला ब्रश किंवा तेलकट बोट थेट डबीत गेल्याने तो जमतो. टेप दाबून उचला, खालची मऊ पावडर मोकळी होते. ब्रशवर फवारा नंतर मारायचा तो यासाठीच.

फ्लॅशमध्ये मोठे कण पांढरे ठिपके होऊन दिसतात. फोटो काढायचे असतील तर घराबाहेर पडण्याआधी फ्लॅश लावून एक काढून बघा.

काढताना

कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप काढण्याच्या आधी काढायच्या. लेन्स असताना लूज पिगमेंट आणि ग्लिटर टाळलेलंच बरं. तेलाचा अंश असलेल्या रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता ठेवा, मग खालच्या दिशेने एकदाच पुसा. चोळलं की कण डोळ्यात जातात. ग्लिटर असेल तर प्रत्येक पुसण्याला कापसाची नवी बाजू घ्या. सोनेरीचा ब्रश मॅट रंगाला वापरू नका. धुऊनही त्यात चार कण राहतातच आणि दुसऱ्या दिवशी साध्या तपकिरीत चमकतात.