राणीखेतच्या विषाणूवर प्रबंध करायचाय?

राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा मानमोडी रोग, हा विषय घेतला की नवे विद्यार्थी थेट सिक्वेन्सिंगचं, म्हणजे विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचण्याचं, बोलू लागतात. माझं सांगणं, आधी शेडमध्ये जा. कोणती लस दिली, कुठल्या वयात, शेवटचा डोस कधी, मर कधीपासून लागली, हे पोल्ट्रीवाल्याकडून नीट लिहून घ्या. कारण लासोटा ही राणीखेतवरची लस जिवंत, म्हणजे सौम्य विषाणूची, आहे. ती नुकतीच दिलेल्या निरोगी कोंबडीचा स्वॅबही पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, पॉझिटिव्ह येऊ शकतो. नुसत्या पॉझिटिव्हवर निदान ठरवू नका.

विषाणू लसीचा सौम्य की जहाल, याचा उलगडा होतो त्याच्या एफ जनुकात. या जनुकाचं प्रथिन यजमानाच्या, म्हणजे कोंबडीच्या, विकरांनी (एन्झाइमांनी) तोडलं, तरच विषाणू पेशीत शिरू शकतो. तोडण्याच्या जागेवरची ११२ ते ११७ ही सहा अमिनो आम्लं वाचायची. ११३ ते ११६ मध्ये आर्जिनिन किंवा लायसिन मिळून किमान तीन आणि ११७ वर फेनिलअ‍ॅलनिन दिसलं, तर विषाणू जहाल समजतात. लासोटात ११७ वर ल्युसिन असतं. सौम्य विषाणूला श्वासनलिकेत आणि आतड्यात सापडणारी ट्रिप्सिनसारखी विकरं लागतात. जहाल विषाणूचं काम फ्युरिन हे विकर करतं, आणि ते जवळजवळ सगळ्या पेशींत असतं. म्हणून तो मेंदूपर्यंत पोहोचतो, पक्ष्याची मान वळते. इतक्या छोट्या फरकाने अख्खा कळप जातो, हे मला आजही थक्क करतं.

नमुना घेताना म्हणूनच स्वॅबवर थांबू नका. ताज्या मेलेल्या पक्ष्याचा मेंदू आणि प्लीहा घ्या, लगेच बर्फावर ठेवा. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय पदार्थ, फार लवकर खराब होतो.

सिक्वेन्स आला की आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख, उघडून डोळ्यांनी पाहा. एकाच जागी दोन शिखरं दिसली, तर लसीचा आणि फील्डचा (शेडमध्ये बाहेरून आलेला) विषाणू एकत्र असण्याची शक्यता तपासा. सॉफ्टवेअर तिथे एक अक्षर निवडून मोकळं होतं. जहालपणा ठरवायला छोटा तुकडा पुरतो, पण जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा जनुकीय गट, ठरवायला एफ जनुकाचा १६६२ न्यूक्लिओटाइडांचा (अक्षरांचा) पूर्ण कोडिंग भाग, म्हणजे प्रथिन घडवणारा भाग, हवा. छोट्या तुकड्यावर काढलेल्या वंशवृक्षावर नवा जीनोटाइप जाहीर करायची घाई नको.

जिवंत विषाणूवर काम करताना संरक्षक चष्मा लावाच; या विषाणूने माणसाचे डोळे येतात. आणि मार्गदर्शक निवडताना एवढं जरूर विचारा, की त्यांच्या साठवलेल्या नमुन्यांसोबत लसीकरणाची नोंद आहे का.