मजकूर ऑनलाइन टाकण्याआधी साफ करताय? या चुका टाळा

सुरुवात त्या चुकीपासून, जी साफसफाईच्या नावाखाली होते आणि मूळ कचऱ्यापेक्षा जास्त नुकसान करून जाते. ती म्हणजे मजकुरातली सगळी अदृश्य अक्षरं एका फटक्यात पुसून टाकणं.

हे प्रकरण बहुतेक वेळा असंच घडतं. जुन्या लेखांचा साठा नव्या साइटवर हलवायचा असतो. शब्द डोळ्यांना दिसतोय पण शोधात सापडत नाही, अशी तक्रार येते. कोणीतरी खोदून पाहतं, तर अक्षरांच्या मधे शून्य रुंदीची युनिकोड अक्षरं बसलेली असतात (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत). मग कुठूनतरी एक तयार ओळ उचलली जाते, २००बी ते २००एफ या क्रमांकांची सगळी अक्षरं काढणारी, आणि ती सरळ चालू डेटाबेसवर चालवली जाते. दोन मिनिटांत काम संपतं, शोधही चालायला लागतो. काही दिवसांनी डोंगरांवरच्या लेखात 'खोल दर्या' दिसायला लागतात. 'आचाऱ्यांना बोलावलं' या वाक्यात स्वयंपाक्यांच्या जागी आचार्य येऊन बसतात. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, 'ऱ्हास'चं 'र्हास'. मुद्रितशोधक एकेक शब्द शुद्धलेखनाची चूक समजून दुरुस्त करत राहतात आणि मूळ कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

कारण साधं आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात द, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य आणि काना अशी पाच अक्षरं असतात. दुसऱ्यात द, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर (क्रमांक २००डी, शेजारची अक्षरं जोडणारं अदृश्य अक्षर), य आणि काना अशी सहा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. दुसऱ्यातला जॉइनर काढला की र, हलन्त आणि य एवढंच उरतं, त्याचा रफार होतो आणि दरीचा समुद्र होतो. म्हणजे ते अदृश्य अक्षर कचरा नव्हतंच, तो शब्दाच्या लेखनाचा भाग होता.

आणि हे उलटं फिरवता येत नाही. सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य यांत खरा रफार आहे. सरसकट उलटा बदल केलात तर 'सूऱ्य' आणि 'काऱ्य' तयार होतील. मूळ प्रत जपलेली नसेल तर शब्दन् शब्द वाचून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवायची. मग 'साधा र, हलन्त, २००डी' अशी ओळीने आलेली तीन अक्षरं शोधून त्यांच्या जागी 'टिंबाचा ऱ, हलन्त' ही दोन टाकायची. ऱ्य आणि ऱ्ह आता जॉइनरवर अवलंबून राहत नाहीत आणि शोधातली विसंगतीही मिटते. त्यानंतर २००बी म्हणजे शून्य रुंदीची जागा, एफईएफएफ म्हणजे फाइलच्या सुरुवातीची खूण, आणि ००एडी म्हणजे सॉफ्ट हायफन, ही तीन निश्चिंतपणे काढायची. २००ई आणि २००एफ या दिशा सांगणाऱ्या खुणा आहेत; लेखात उर्दू किंवा अरबी उतारा नसेल तर त्याही काढाव्यात. २००सी (शेजारची अक्षरं जोडू न देणारं अदृश्य अक्षर) आणि उरलेल्या २००डीला मात्र हात लावू नका. 'वाक्‌प्रचार'सारख्या शब्दात क् सुटा दिसावा म्हणून २००सी मुद्दाम घातलेला असतो. कुटुंबाचा इमोजी तर वेगवेगळ्या माणसांचे इमोजी २००डीने जोडूनच बनतो; जॉइनर गेला की माणसं सुटी होऊन एका ओळीत उभी राहतात.

वर्ड किंवा गूगल डॉक्समधून थेट पेस्ट

ही चूक सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे करतात, कारण पेस्ट केल्यावर एडिटरमध्ये मजकूर छान दिसतो. घोटाळा त्याच्या खाली असतो.

वर्डमधून 'एमएसओ'ने सुरू होणारे क्लास आणि स्टाइल येतात, आणि वर्डखेरीज कोणाच्याच उपयोगाचे नसलेले टॅग, म्हणजे एचटीएमएलमध्ये रचना सांगणारे कोनी कंसातले शब्द, येतात. गूगल डॉक्सचा प्रकार अधिक फसवा आहे. तिथून कॉपी केलेला मजकूर बऱ्याचदा एका मोठ्या 'बी' टॅगमध्ये, म्हणजे ठळक करण्याच्या टॅगमध्ये, गुंडाळलेला येतो. त्या टॅगवर 'फॉन्ट-वेट नॉर्मल' अशी स्टाइल असते, म्हणून तो ठळक दिसत नाही. उलट तुम्ही खरोखर ठळक किंवा तिरके केलेले शब्द साध्या 'स्पॅन'मध्ये येतात आणि त्यांचा ठळकपणा फक्त स्टाइलमध्ये लिहिलेला असतो.

आता घाईचा माणूस काय करतो? 'सगळे स्टाइल ॲट्रिब्यूट काढा' हे बटण दाबतो. परिणाम असा, की सबंध लेख ठळक होतो आणि ठळक हवे होते ते शब्द बाकीच्यांत मिसळून जातात. मग तो एडिटरमध्ये सगळं निवडून ठळकपणा काढतो, आणि आता लेखात जोर दिलेला एकही शब्द उरत नाही. लेखकाने जे विचारपूर्वक अधोरेखित केलं होतं ते संपादनात हरवलं, आणि वाचकाला ते कधीच कळणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून नुसता मजकूर पेस्ट करा. मूळ कागदपत्र शेजारी उघडं ठेवा आणि शीर्षकं, याद्या, लिंक, ठळक व तिरके शब्द हाताने पुन्हा द्या. दीड हजार शब्दांच्या लेखाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नवशिक्यांना एवढा वेळ नको वाटतो, पण बिघडलेलं एचटीएमएल सोडवण्यात याच्या तिप्पट वेळ जातो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. शिवाय या हातकामात लेख पुन्हा एकदा वाचून होतो, हा फायदा वेगळाच.

तळटीपा, तक्ते, शेकडो लिंक असा मोठा दस्तऐवज असेल तर हाताने करणं शक्य नाही हे मान्य. तिथे पॅनडॉक वापरा. तो वर्डची फाइल वाचून बऱ्यापैकी स्वच्छ एचटीएमएल देतो. एक अट आहे. मूळ फाइलमध्ये शीर्षकांना वर्डची 'हेडिंग' शैली दिलेली हवी. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं असेल तर पॅनडॉकसाठी ते शीर्षक नाही, एक ठळक परिच्छेद आहे. गूगल डॉक्समधून एचटीएमएल फाइल म्हणून उतरवलं तर लिंकही तपासा. त्या मूळ पत्त्याऐवजी गूगलच्या मधल्या पत्त्यावरून वळवलेल्या असतात.

सोबत आलेल्या स्टाइल तशाच राहिल्या तर काय होतं, तेही पाहून ठेवा. मजकुराला काळा रंग ठोकून बसवलेला असेल तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होतं. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी 'लेटर-स्पेसिंग' आली तर देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. ओळींची उंची पॉइंटमध्ये बांधलेली असेल तर मोठ्या अक्षरांत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. रोमन लिपीसाठी बेतलेली उंची देवनागरीला पुरत नाही. दीडपट किंवा थोडी जास्त ठेवावी, आणि ती साइटच्या स्टाइलशीटमध्ये (सगळ्या पानांचं रूप एकत्र ठरवणाऱ्या फाइलमध्ये), परिच्छेदापरिच्छेदात नाही.

पेस्ट केलेल्या चित्रांचाही सापळा आहे. चित्राचा पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू होत असेल तर ते फक्त तुमच्या संगणकावर आहे. तुम्हाला दिसेल, जगाला नाही. चित्र कधी कधी बेस-६४ मजकूर बनून पानातच शिरतं. तेव्हा त्याचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो आणि पान उघडायला वेळ लागतो. चित्र नेहमी वेगळं अपलोड करा.

न तुटणारी जागा

एनबीएसपी, म्हणजे ००ए० क्रमांकाची न तुटणारी जागा, दिसायला साध्या स्पेससारखीच असते. ब्राउझर साध्या स्पेस कितीही असल्या तरी एकच दाखवतो, म्हणून दोनदा स्पेस दाबली की बरेच एडिटर त्यातली एक न तुटणारी करून टाकतात. पीडीएफ आणि वेबपानांवरून कॉपी केलेल्या मजकुरात तर ती ढिगाने येते. एखाद्या परिच्छेदात सगळ्याच जागा तशा असतील तर ब्राउझरला तो परिच्छेद एकच लांबलचक शब्द वाटतो. मोठ्या पडद्यावर पटकन लक्षात येत नाही, पण मोबाइलवर ओळ पडद्याबाहेर जाते किंवा शब्द भलत्याच ठिकाणी तुटतात. शोधायला दोन शब्दांचा वाक्प्रयोग दिला तर काही साधनांत तो सापडतही नाही.

सरसकट साध्या स्पेसमध्ये बदलणं इथे बहुधा चालतं, पण आकडा आणि एकक यांच्यामध्ये ती मुद्दाम ठेवलेली असू शकते. '५ किलो'मधला ५ एका ओळीच्या शेवटी आणि किलो पुढच्या ओळीत गेला तर वाचताना खटकतं. मी आधी सगळ्या बदलतो आणि मग आकड्यांपाशी हव्या तिथे परत घालतो. बदल करण्याआधी ती एकदा डोळ्यांनी पाहावी. व्हीएस कोडसारखा एडिटर अशी संशयास्पद अक्षरं चौकटीत दाखवतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनची घाई

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याची सूचना. 'पहिल्या कोनी कंसापासून शेवटच्या कोनी कंसापर्यंत सगळं पुसा' अशी सूचना संगणकाला दिली की तो तसंच करतो. एका ओळीत दोन टॅग असतील तर त्यांच्या मधला मजकूरही जातो. अशा शोधात 'कोणतंही अक्षर' म्हणण्याऐवजी 'कंस बंद होण्याचं चिन्ह सोडून कोणतंही अक्षर' असं म्हणावं लागतं. आणि एकात एक गुंतलेले टॅग या मार्गाने सोडवायला जाऊच नये. त्यासाठी एचटीएमएल टायडीसारखं साधन आहे, जे रचना समजून काम करतं. टायडी बंद न केलेले टॅग बंद करतो आणि वर्डचा कचरा काढण्याचे पर्यायही देतो. त्याच्या इशाऱ्यांची यादी वाचण्याचे कष्ट मात्र घ्या.

सारखं दिसतं, पण सारखं नाही

'ॲप' लिहिताना एक अक्षर वापरता येतं, ०९७२ क्रमांकाचं ॲ, जे २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने लोक अ आणि वर चंद्र अशी दोन अक्षरं टाइप करतात. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या लेखी ते वेगळे आहेत आणि मजकुराचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेली सारखी अक्षरं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही. एका लेखात दोन्ही असले की शोधात अर्धेच सापडतात. ठरवून एकच ठेवा. 'ऑ'चंही तसंच, ते एकच अक्षर आहे, आ वर चंद्र चिकटवू नका.

'वेळ'पुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप केलेला सगळीकडे दिसतो. दिसायला दोन टिंबंच, पण पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वेगळा उच्चारतो आणि शब्द शोधात निसटतो.

थोडक्यात निपटणाऱ्या गोष्टी

परिच्छेदांत अंतर हवं म्हणून रिकामे परिच्छेद टाकू नका. अंतर हे स्टाइलशीटचं काम. आकार आवडला म्हणून दुसऱ्या पातळीच्या शीर्षकानंतर थेट चौथी पातळी वापरू नका. वर्डची वळलेली अवतरणचिन्हं वाक्यात शोभतात, पण टॅगच्या आत आली की लिंक मोडते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श निवडतात.

देवनागरीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यापुढे चलनाचं गोल चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली तर मजकूर खराब झालेला नाही, तो चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून दाखवले जाताहेत. अशा अवस्थेत फाइल सेव्ह करू नका, नाहीतर चूक कायमची होते. बंद करा, यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. पानावर हे होत असेल तर कॅरेक्टर सेटची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची याची, घोषणा पहिल्या १०२४ बाइटच्या आत आहे का ते बघा.

सगळं झालं की प्रीव्ह्यू मोबाइलवर उघडा, डार्क मोड लावा आणि पानातच 'ऱ्या' शोधा. डोळ्यांना जितक्या वेळा दिसतो तितक्याच वेळा शोधात सापडला पाहिजे. एकानेही कमी भरला, तर जपून ठेवलेली मूळ प्रत उघडा.