कंडम डबा तोडताना गॅस सगळ्यात शेवटी पेटवा

मी जालन्यात गॅस कटिंगचं काम करतो. २२ वर्षं झाली. आधी ट्रकच्या चेसिस, मग साखर कारखान्यांच्या जुन्या टाक्या, आणि आता बरीच वर्षं रेल्वेचे कंडम डबे. अंबड, मंठा, घनसावंगीकडची नवी पोरं या कामाला येतायत. कटर धरायला ती आठवड्यात शिकतात, पण डब्याला हात कुठून घालायचा हे त्यांना कुणी बसून सांगत नाही. ते इथं सांगतो.

आधी डब्याचा नंबर वाचा. जुन्या पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल. ९४ ने सुरू होत असेल तर १९९४. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्याचे हे निळे डबे, ज्यांना आपण आयसीएफ म्हणतो, त्यांचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरलेलं असतं. साल बघायचं कारण वेगळंच आहे. जुन्या डब्यांत बाहेरच्या पत्र्याला आतून ॲस्बेस्टॉसचा थर फवारलेला असायचा. वाळलेल्या कागदाच्या लगद्यासारखा दिसतो, राखाडी किंवा निळसर. आतली एखादी फळी काढल्यावर तो दिसला तर काम तिथंच थांबवा. खरवडू नका, झाडू मारू नका, हवा मारू नका. डब्यांचा लॉट ज्यानं विकत घेतलाय त्याला सांगा की हे काढायला त्यातली माहितगार माणसं आण. ती लोकं थर ओला करून काढतात, पिशवीत बंद करतात, मास्कही वेगळे वापरतात. तोंडाला बांधलेल्या रुमालानं ती धूळ अडत नाही. आज खोकला येत नाही म्हणून पोरं ऐकत नाहीत, पण हा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. तेव्हा तुमची लेकरं कमावती झालेली असतील आणि तुम्हाला जिना चढवणार नाही.

थर नसेल तर डबा आतून उघडा करा. बर्थ, रेक्झीन, फोम, भिंतीचं सनमायका, प्लायवूड, खालचं फ्लोअरिंग, वायर, पंखे, सगळं पान्यानं आणि पहारीनं. याला दोन दिवस लागले तरी लागू द्या. ठेकेदार घाई करतो, कारण त्याला डिलिव्हरीची मुदत असते. मुदत चुकली तर पैसे जातात, एवढंच.

एका यार्डात आम्ही ही घाई केली होती. मी बाहेरून खिडकीच्या खालची पट्टी कापत होतो. आतलं प्लाय तसंच होतं. बाहेरून मला फक्त ठिणग्या दिसत होत्या, आणि पत्र्याच्या मागं फोम धुमसत होता. आत पंखा सोडवणारा हेल्पर होता, १९ वर्षांचा. काळा धूर इतका झाला की त्याला दरवाजा सापडेना, तो तापलेल्या चौकटीला हात लावत लावत बाहेर आला. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी आजही चुरगाळलेल्या पॉलिथिनसारखी आहे. कटर माझ्या हातात होता. तेव्हापासून मी स्वतः आत जाऊन बघतो, हातानं भिंत चाचपतो, आणि आतली सगळी माणसं खाली उतरल्याशिवाय गॅस पेटवत नाही.

डब्याखाली बॅटरीची पेटी असते. तिच्या वायरी आधी सोडवा. ११० व्होल्टची जोडणी असते, शिवाय आत ॲसिड. ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडून सगळी हवा सोडा. टॉयलेटच्या वरच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा.

आता तोडायचा क्रम. आयसीएफमधल्या ‘आय’चा अर्थ इंटिग्रल. म्हणजे खालची चौकट, बाजू आणि छत मिळून भार घेतात. डबा चाकांवर उभा असताना मधोमध बाजू कापली तर २१ मीटरचा सांगाडा पोटातून खचतो, आणि खाली माणूस असला तर संपलं. म्हणून आधी क्रेननं डबा उचलून ट्रॉल्या, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, बाहेर ढकला. डबा उचलण्याआधी ट्रॉलीच्या स्प्रिंगला कटर लावू नका, ती दाबलेली असते, गोळीसारखी उडते. मग सांगाडा लाकडी स्लीपरवर टेकवा, फक्त दोन टोकांना नाही, मध्येही तीन-चार ठिकाणी. आधी छत, मग बाजू, मग टोकाच्या भिंती, शेवटी चौकट. छताचा तुकडा हायड्रा क्रेनला बांधल्याशिवाय शेवटचा दोन बोटं रुंदीचा पत्रा कापू नका.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं अकरानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. पहाटे पाचला सुरू करा. सिलिंडर उभे, बांधलेले, सावलीत. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात कधी लावायचा नाही.

लाल एलएचबी डबे, म्हणजे आयसीएफनंतरचे नव्या बांधणीचे, आले तर हे सगळं जसंच्या तसं चालणार नाही. त्यांचा सांगाडा स्टेनलेसचा, तो ऑक्सिजननं कापला जात नाही, नुसता वितळून गुठळ्या होतात. त्याला प्लाझ्मा कटर लागतो. जुने आयसीएफ बांधणं जानेवारी २०१८ मध्ये बंद झालं, म्हणजे पुढची वर्षं निळ्यांचीच आहेत. पण प्लाझ्मा आत्ताच शिकून घ्या.

माल जालन्याच्या भट्ट्यांकडं जाणार असेल तर तुकडा किती फुटांचा पाहिजे ते आधी फोनवर विचारा. आणि बंद तोंडाची एकही वस्तू गाडीत चढवू नका. हवेची टाकी, शॉक ॲब्झॉर्बर, स्प्रिंगजवळचं तेलाचं नळकांडं (डॅशपॉट), दोन्हीकडून दाबलेला पाइप. आत थेंबभर पाणी किंवा तेल राहिलं आणि ते वितळलेल्या लोखंडात पडलं की भट्टी उसळते. तिथं उभी असलेली माणसंही आपल्यासारखीच, कुणाच्या तरी घरची. प्रत्येक बंद वस्तू रिकामी करून, थंड अवस्थेत भोकं पाडून, आडवी चिरून वेगळ्या ढिगात ठेवा, आणि तो ढीग ड्रायव्हरला दाखवून मगच भरा.

काम थांबवल्यावर सगळ्या जागेवर पाणी मारा आणि एक माणूस तासभर तिथंच बसवा. फ्लोअरिंगचा सांदीत राहिलेला तुकडा जेवणाच्या सुट्टीत पेट घेतो. मी बसतो तेव्हा पाण्याचा पाइप हातात ठेवतो, आणि वाफ यायची थांबली की उठतो.